टिनटिन (सचेतन दूरचित्रवाणी मालिका)

बेल्जियन चित्रकार एर्जे (मूळ नाव झॉर्ज रेमी, १९०७–८३) यांच्या टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चित्रकथांवर आधारलेली साहसमालिका. पॅरिसची इलिप्स आणि टोराँटोची नेल्व्हाना या संस्थांनी तिची संयुक्त निर्मिती केली असून दिग्दर्शन स्तेफान बेर्नास्कोनी यांचे आहे. प्रक्षेपणाचा काळ सामान्यतः १९९१–९२ असा दिला जातो. फ्रान्समधील प्रक्षेपण प्रमाण मानणारे १९९२ हे आरंभवर्ष धरतात. तथापि उत्तर अमेरिकेतील प्रक्षेपण लक्षात घेता १९९१ हेच अधिक ग्राह्य वाटते.

भागांच्या संख्येबाबत २१ व ३९ असे दोन आकडे आढळतात. त्यांत वस्तुतः विरोध नाही. एर्जे यांच्या २४ अल्बमांपैकी (चित्रकथा-पुस्तकांपैकी) २१ निवडण्यात आले. त्यांतील १८ कथा प्रत्येकी दोन भागांत, तर ‘द शूटिंग स्टार’, ‘रेड रॅकॅम्स ट्रेझर’ आणि ‘टिनटिन इन अमेरिका’ या तीन कथा एकेका भागात बसवण्यात आल्या. म्हणून अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणाचे ३९ भाग होतात. वगळलेल्या तिघांपैकी सोव्हिएत रशियावरील पहिली कथा (१९२९–३०) प्राथमिक रेखाटनाची व उघड प्रचारकी आहे, काँगोवरील दुसरीत वसाहतवादी दृष्टी ठळक आहे आणि शेवटची एर्जे यांच्या निधनामुळे अपुरी राहिली. कथांचा क्रमही मुळातला नाही. आरंभ ‘द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज’ने होतो, कारण टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक तेथे प्रथम भेटतो, मूळ मालेतील तिसरी असलेली अमेरिकेची कथा येथे अखेरीस येते.

चित्रशैली हा या मालिकेच्या अभ्यासातील मुख्य विषय होय. एर्जे यांच्या शैलीस ‘स्वच्छ रेषा’ ही संज्ञा डच चित्रकार योस्ट स्वार्ट यांनी १९७७ मध्ये दिली: एकसारख्या जाडीची बाह्यरेषा, छायारेखनाचा अभाव, सपाट रंग आणि पात्रे साधी असूनही तपशीलवार पार्श्वभूमी. बंदिस्त आकृती व सपाट रंग ही पारदर्शक सेल्युलॉइड पत्र्यांवरील सचेतनाचीही (अ‍ॅनिमेशनचीही) गरज असल्याने ही शैली त्या तंत्रास मुळातच अनुकूल होती, असे म्हणता येईल. अल्बममधील काही चौकटी जवळजवळ जशाच्या तशा पडद्यावर येतात. चंद्रप्रवासाच्या कथांतील अग्निबाणासाठी संगणकाचे साहाय्य घेतल्याचाही उल्लेख आढळतो. बेल्व्हिजन या ब्रुसेल्समधील संस्थेची आधीची मालिका (१९५७–६४, दिग्दर्शक रे गोसेन्स) पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांची असून तिने कथानकांत मोठे फेरफार केले होते, मूळनिष्ठेच्या बाबतीत नंतरची मालिका निःसंशय सरस आहे. मात्र पानाच्या शेवटच्या चौकटीत उत्कंठा ताणून धरण्याची एर्जे यांची हातोटी पडद्यावर उतरू शकत नाही. ‘द कॅस्टाफिओर एमराल्ड’सारख्या, जवळजवळ काहीच न घडणाऱ्या कथेत ही उणीव विशेष जाणवते. पुण्यात ‘सकाळ’ दैनिकात १९९१ मध्येच सुरू झालेल्या ‘चिंटू’ या चित्रमालिकेचीही (चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर) रेषा अशीच मोजकी आहे. परंतु तिच्यावरील २०१२ चा चित्रपट प्रत्यक्ष नटांना घेऊन केलेला असल्याने तेथे रेषा जपण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

भारताशी संबंधित भाग तीन कथांपुरता आहे. ‘सिगार्स ऑफ द फॅरो’मधील गाइपाजामा हे संस्थान काल्पनिक असून ‘द ब्लू लोटस’चा आरंभही तेथेच होतो, ‘टिनटिन इन तिबेट’च्या मूळ अल्बममध्ये दिल्लीतील कुतुबमिनार व लाल किल्ला दिसतात. पुण्यातील वाचक बहुधा लेस्ली लॉन्सडेल-कूपर व मायकेल टर्नर यांच्या इंग्रजी भाषांतरातून या कथांकडे आलेला असतो, आणि मालिकेच्या इंग्रजी आवृत्तीने त्या भाषांतरातील स्नोई (टिनटिनचा कुत्रा), कॅल्क्युलस (शास्त्रज्ञ), थॉमसन व थॉम्पसन (गुप्तहेर) ही नावे कायम ठेवल्याने त्याला पात्रे ओळखण्यास अडचण येत नाही.

टिनटिनचा आवाज इंग्रजीत कोलिन ओ’मेरा यांचा, तर फ्रेंचमध्ये तिएरी वेर्म्युथ यांचा आहे. पार्श्वभूमीत एर्जे यांच्यासारखी दिसणारी व्यक्ती मधूनमधून वावरताना दिसते.