फिरत्या छत्रीची मोजणी

गच्चीवरची आठ फुटी डिश, जिला आपल्याकडे सर्रास छत्री म्हणतात, एकाच उपग्रहावर रोखलेली असेल तर तिची मांडणी एकदा केली की झाली. तीच छत्री मोटरने पूर्व-पश्चिम फिरवून अनेक उपग्रह पकडायचे ठरवले, की दोन वेगळी कामे समोर येतात. छत्रीचा फिरण्याचा मार्ग उपग्रहांच्या आकाशातील कमानीशी जुळवावा लागतो, आणि त्या मार्गावर छत्री या क्षणी कुठे आहे याची मोजणी ठेवावी लागते. पहिले काम खांब, नट-बोल्ट आणि कोनमापकाचे; दुसरे पोझिशनर नावाच्या पेटीचे. उपग्रह लागत नाही म्हणून पेटी पुन्हा पुन्हा रीसेट करणाऱ्यांची बरीचशी दमछाक ही दोन कामे एकमेकांत मिसळल्यामुळे होते, असे माझे मत आहे.

आधी कमानीविषयी. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. छत्रीचा फिरण्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, तर एकाच मोटरने ती सगळी कमान गाठता येते. अशा बैठकीला पोलर माउंट म्हणतात. पुण्याचे अक्षवृत्त सुमारे १८.५ अंश, म्हणून अक्षाचा क्षितिजाशी कोन तेवढाच ठेवायचा. मात्र एवढ्याने भागत नाही. पुणे विषुववृत्ताच्या प्रतलापासून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला आहे आणि उपग्रह ताऱ्यांइतके दूर नाहीत, त्यामुळे छत्रीला अक्षाच्या काटकोनापासून आणखी ३.२ अंश दक्षिणेकडे झुकवावे लागते. दोन्ही मिळून ऐन दक्षिणेचा उपग्रह पुण्याहून क्षितिजापासून ६८ अंशांच्या किंचित वर येतो. ७४ अंश पूर्व रेखांशावरचा जीसॅट-१८ पुण्याच्या जवळजवळ ठीक दक्षिणेस आहे, हे आपले भाग्यच. कमानीचा मध्य तपासायला त्याच्यासारखी खूण नाही.

त्याआधी खांब ओळंब्यात हवा. पाणसळ एका बाजूने लावून समाधान मानू नये. खांबाला काटकोनातल्या दोन बाजूंनी लावून पाहावे. खरी दक्षिण शोधायला होकायंत्रापेक्षा सूर्य विश्वासार्ह आहे, कारण गच्चीतल्या लोखंडी सळ्या आणि खुद्द छत्री होकायंत्राची सुई ओढतात. पुण्याचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होतो, आणि ऋतूप्रमाणे नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ पासून फेब्रुवारीच्या मध्यास १२:४९ पर्यंत सरकतो. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली उत्तर-दक्षिण पडते. तिच्यावर खडूने रेघ ओढून ठेवावी. शून्य सावलीच्या, म्हणजे सूर्य ठीक डोक्यावर येण्याच्या दिवसांच्या आसपास, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, ही सावली इतकी आखूड होते की तिचा उपयोग होत नाही.

आता मोजणी. छत्री ढकलणारा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे ३६ व्होल्टची मोटर आणि लांब-आखूड होणारा दांडा, स्वतःहून कोणतीही दिशा जाणत नाही. मोटरच्या झाकणाखाली पाहिले, तर दातेरी चाकासोबत फिरणारे छोटे चुंबक दिसते आणि त्याच्या शेजारी काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात. चुंबक जवळून गेले की पात्या चिकटतात, दूर गेले की सुटतात. हाच रीड स्विच. प्रत्येक चिकटण्याचा एक ठोका पेटी मोजते. साठवलेला प्रत्येक उपग्रह पेटीच्या लेखी ठोक्यांचा एक आकडा असतो, त्याहून अधिक काही नाही.

म्हणूनच हे आकडे कशाने बिघडतात ते लक्षात घ्यायला हवे. दांडा चालू असताना वीज गेली, तर मोटर गतीमुळे थोडी पुढे सरकते आणि ते ठोके नोंदले जात नाहीत. सेन्सरची, म्हणजे या रीड स्विचची, तार मोटरच्या जाड तारांना चिकटून गेली असेल, तर मोटरचे विद्युत-खरखरणे खोटे ठोके घुसवते. यासाठी सेन्सरला जाळीदार आवरणाची तार घ्यावी आणि ती जाळी केवळ पेटीकडच्या टोकाला अर्थिंगशी जोडावी. पावसाळ्यात झाकणात पाणी शिरले की पात्या गंजतात. तपासायला सेन्सरची तार पेटीपासून सोडवून तिला मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड लागला की बीप देणाऱ्या खुणेवर, लावावा आणि मोटर चालवावी. बीप नियमित येत नसेल तर दोष स्विचचा किंवा चुंबकाचा आहे आणि पेटी निर्दोष आहे.

रीसेटचा खरा अर्थ असा: मोजणी पुन्हा एका ओळखीच्या खुणेवर आणणे. सगळे उपग्रह एकाच दिशेने, सारख्याच ठोक्यांनी हुकत असतील, तर छत्री हाताने बटणे दाबून खूण ठरवलेल्या उपग्रहावर न्यावी आणि पेटीला तेथूनच फेरगणना करायला सांगावे; बाकीचे आकडे तेवढ्याच फरकाने सरकतात. पूर्ण पुसून नव्याने बसवायचे असेल, तर जुन्या पूर्व-पश्चिम मर्यादा, म्हणजे ज्यांपलीकडे पेटी छत्री नेत नाही ते टोकांचे आकडे, आधी काढाव्या लागतात, नाहीतर मोटर मध्येच अडते. मर्यादा काढल्यावर मात्र छत्रीजवळ माणूस उभा हवाच. दांडा टोकाला जाऊन छत्री उलटली, तर वाकलेले लोखंड कोणतीही पेटी सरळ करत नाही. नवीन मर्यादा मिळताच आधी त्या नोंदवाव्यात, उपग्रह नंतर.

डायसेक मोटर (रिसीव्हरच्याच केबलवरून हुकूम घेणारी मोटर) आणि युसाल्स (कोन स्वतः काढणारी सोय) असलेल्या रिसीव्हरमध्ये ठोक्यांची यादी लागत नाही, कारण गाव आणि उपग्रहाचा रेखांश दिला की कोन गणिताने निघतो. पुण्याहून ८३ अंशांवरचा जीसॅट-३० पकडायला रेखांशातला फरक ९ अंशांचा असला, तरी छत्री १०.७ अंश वळवावी लागते, कारण आपण पृथ्वीच्या केंद्रावर नव्हे, पृष्ठभागावर उभे असतो. हे गणित मोटरच्या शून्याला ठीक दक्षिण मानते, त्यामुळे शून्य चुकले की सगळेच चुकते.

मधला उपग्रह उत्तम, पण टोकांचे मंद, असे असेल तर रीसेट करू नये. टोकाच्या उपग्रहावर छत्रीची वरची कड हलकेच मागे दाबून, म्हणजे छत्री वर करून, सिग्नलची पट्टी पाहावी, मग पुढे ओढून, म्हणजे खाली करून, पाहावी. पूर्वेकडे छत्री खाली आणि पश्चिमेकडे वर केल्याने सिग्नल वाढत असेल, तर बैठक पूर्वेकडे वळलेली आहे. खांबावरचा बोल्ट सैल करून ती केसभर पश्चिमेकडे सरकवावी. आठ फुटी छत्री सी-बँडवर, म्हणजे मोठ्या छत्रीने पकडायच्या साधारण ४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, एक अंश ढळली की सिग्नल निम्म्याच्या जवळ येतो, त्यामुळे केसभर म्हणजे खरोखर केसभरच. बोल्ट आवळल्यावर खांब आणि बैठक यांवरून एकच उभी रंगाची रेघ ओढून ठेवावी. वादळानंतर ती रेघ तुटलेली दिसली तर आधी बैठक जागेवर आणायची, आणि जुळलेली दिसली तर मोजणीकडे वळायचे.