फाइलच्या नावावरून व्हिडिओची माहिती कशी निघते?

तुमचा व्हिडिओसंग्रह लावताना आमची प्रणाली एकही फाइल उघडत नाही, फक्त नावं वाचते. त्यासाठी आम्ही ‘गेसइट’ ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतो.

समजा, नाव आहे: जुनी.विहीर.एस०२ई०५.१०८०पी.वेब-डीएल.एक्स२६४.एमकेव्ही (इथे देवनागरीत छापलंय, एरवी ते रोमन लिपीत असतं). यातून दुसरा सीझन, पाचवा भाग, चित्राचा आकार (१०८० ओळी), प्रत कुठून आली, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) आणि फाइलचा प्रकार हे तुकडे आधी सुटे होतात. त्यांच्या आधी जे उरलं ते शीर्षक. म्हणूनच नावाच्या सुरुवातीला ‘नवीन’, ‘कॉपी’ असलं काही लिहून ठेवलंत, तर तेही शीर्षकात जाऊन बसतं!

गोंधळ होतो तो मुख्यतः आकड्यांचा. ‘जुनी.विहीर.२०५’ म्हणजे दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग की सलग मोजलेला दोनशे पाचवा? लायब्ररी पहिला अर्थ धरते. रोजच्या मालिकांना तो हमखास चुकतो, तेव्हा तुमच्याकडे भाग सलग क्रमांकाचे असतील तर आम्हाला आधी सांगा. एक पर्याय चालू केला की काम होतं. तारखांचंही तेच. ०३-०४-१२ यात दिवस कुठला नि वर्ष कुठलं, हे तुम्हीच सांगू शकता. चित्रपटाचं नावच एखादं साल असेल, तर प्रदर्शनाचं वर्ष कंसात लिहा. फोल्डरची नावंही वाचली जातात, त्यामुळे सीझनवार फोल्डर केले असतील तर उत्तमच.

एक मात्र लक्षात असू द्या: नावात लिहिलंय ते खरंच असेल असं नाही. ‘१०८०पी’ असं नाव दिलेल्या फाइलमध्ये ७२० ओळींचं चित्र असू शकतं, आणि लायब्ररीला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हिडिओची लांबी, बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा), चित्राचा खरा आकार हवा असेल तर फाइल उघडावीच लागते. ती तपासणी आम्ही ‘मीडियाइन्फो’ किंवा ‘एफएफप्रोब’ या फाइल तपासणाऱ्या साधनाने वेगळी करतो. तिला वेळ लागतो, म्हणून तुम्ही मागितली तरच.

नावं बदलण्याआधी जुनं नाव आणि सुचवलेलं नाव शेजारीशेजारी दाखवणारी यादी तुम्हाला पाठवतो. निदान शीर्षकाचा रकाना तरी नजरेखालून घाला. तुमचा होकार आल्याशिवाय एकाही फाइलचं नाव बदलत नाही.