नुसत्या खुलाशाने गोष्ट का पुसली जात नाही?

एका गोदामाला आग लागते. बातमी तुकड्या-तुकड्यांनी येत राहते. आधी कळतं, की सामानाच्या छोट्या खोलीत ऑइल पेंटचे डबे आणि गॅस सिलिंडर निष्काळजीपणे ठेवलेले होते. मग दुरुस्ती येते: ती खोली रिकामीच होती.

हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना असाच मजकूर वाचायला दिला होता. नंतर विचारलं, धूर एवढा दाट का होता? विम्याचे पैसे नाकारले गेले, तर कशामुळे? दुरुस्ती वाचूनही लोकांची उत्तरं पुन्हा पुन्हा त्याच रंगाच्या डब्यांकडे आणि निष्काळजीपणाकडे वळत होती. दुरुस्ती विसरली म्हणावं, तर तसंही नाही. खोली रिकामी होती, हे विचारल्यावर त्यांना आठवत होतं.

माहिती आपण सुट्या दाण्यांसारखी साठवत नाही, ती कार्यकारणाच्या दोऱ्यात ओवतो. डबे काढून घेतले, की आगीचं कारणच नाहीसं होतं आणि गोष्टीला भोक पडतं. रिकाम्या जागेपेक्षा चुकीचं कारण मनाला जास्त सोसवतं. म्हणूनच प्रयोगातल्या ज्या गटाला दुरुस्तीसोबत ‘आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या’ हेही सांगितलं होतं, त्या गटात डब्यांचा उल्लेख बराच कमी झाला. आता गोष्ट पुन्हा अखंड झाली होती.

सार्वजनिक जीवनात रोज निघणारे ‘हे आरोप बिनबुडाचे आहेत’ छापाचे खुलासे म्हणूनच बहुतेक वाया जातात. पूल पडला आणि ठेकेदाराने सिमेंट कमी वापरलं अशी बोलवा झाली, तर ‘सिमेंट पुरेसं होतं’ एवढं सांगून भागत नाही. मग पूल पडला कशाने? पायाखालची वाळू पुराने वाहून गेली असेल, तर ती कधी आणि किती गेली, पाहणीत ते का सुटलं, हे आधी सांगावं. अफवेचा उल्लेख त्यानंतर, एकदाच आणि थोडक्यात. चौकशी अपुरी असताना घाईने कारण पुढे करणं मात्र घातक. तेही खोटं निघालं, तर पुढचा खरा खुलासा कोणी ऐकून घेत नाही.

गोष्टीची ताकद क्रमातही असते. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका खुनाच्या खटल्याचे पुरावे वेगवेगळ्या क्रमाने ऐकवले. फिर्यादी पक्षाचे पुरावे घटना घडल्या त्या क्रमाने आणि बचाव पक्षाचे साक्षीदार येतील तसे विखुरलेले ठेवले, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी आरोपीला दोषी ठरवलं. दोन्ही पक्षांच्या मांडणीची अदलाबदल केल्यावर हा आकडा ३१ टक्क्यांवर आला. पुरावा एकही बदलला नव्हता! विधेयकावरच्या चर्चेत एक बाजू सलग हकीकत सांगते आणि दुसरी कलमवार मुद्दे वाचते, तेव्हा लोकांना कोणती बाजू ‘पटते’, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

एका माणसाची गोष्ट किती भारी पडते, हे डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं. सहभागी लोकांना एकेक डॉलरच्या पाच नोटा देऊन देणगीचं आवाहन केलं. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, लाखोंच्या उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. मुलगी आणि आकडे एकत्र दिले तेव्हा मिळाले १.४३. म्हणजे आकड्यांनी गोष्टीला हात दिला नाही, उलट ती विझवली.

पण यावरून ‘आकडे टाका, माणूस दाखवा’ एवढाच धडा घेणं मला धोक्याचं वाटतं. शांतो अय्यंगार यांनी टीव्हीवरच्या बातम्यांचा अभ्यास करून १९९१ साली दाखवलं, की गरिबीची बातमी एकाच माणसावर बेतली, तर प्रेक्षक त्या माणसालाच जबाबदार धरू लागतात. रोजगार, धोरण, मजुरीचे दर हे नजरेआड जातात. उपाय गोष्टीतच शोधावा लागतो: त्या माणसाच्या वाटेत नेमका कोणता नियम आडवा आला, ते प्रसंगातच दाखवायचं.

आणि गोष्ट नुसती सांगून चालत नाही, विचारावीही लागते. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी अमेरिकेत सात ठिकाणी तीन क्षेत्रप्रयोग, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष लोकांमध्ये प्रयोग, केले. २३० कार्यकर्ते ६,८६९ मतदारांशी बोलले. अनुभवांच्या देवाणघेवाणीची पद्धत वापरताना कार्यकर्ता आधी मत विचारतो, पटो न पटो, टीका न करता ऐकून घेतो, मग स्वतःचा किंवा ओळखीच्या कुणाचा अनुभव सांगतो आणि समोरच्याला त्याचा अनुभव विचारतो. स्थलांतरित आणि पारलिंगी लोकांबद्दलचा आकस यातून थोडा कमी झाला, पण तो बदल किमान चार महिने टिकला. संभाषणातून अनुभवांची देवाणघेवाण काढून फक्त मुद्दे ठेवले, तेव्हा परिणाम दिसलाच नाही.