जिभेला मुंग्या आल्या तिथून भूल सुरू झाली

गेल्या पावसाळ्यात खालची दाढ ठणकायला लागली. लवंग चावून झाली, लवंगतेलाचा बोळा ठेवून झाला आणि ऐन चवथीच्या तोंडावर गाल सुजल्यावर गेलो पणजीत डेंटिस्टकडे. ते बघून म्हणाले, आत पू झालाय, आत्ता दाढेपाशी सुई मारली तर धड बधिर होणार नाही, पाच दिवस गोळ्या घ्या मग काढू. पू बघून भुलीचं औषध घाबरतं की काय? ते पाच दिवस वाचत बसलो.

या औषधांचा अर्धा इतिहास जिभेवर घडलाय. आपण बांगड्याच्या हुमणात तिरफळं घालतो, चुकून एखादं चावलं की जीभ कशी झिणझिणते, तसलंच काहीतरी. पेरूमधले लोक कोकाची पानं चघळायचे आणि त्यांचं तोंड बधिर व्हायचं. १८६० च्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेनला अल्बर्ट नीमनने त्या पानांतून कोकेन वेगळं काढलं आणि जीभ बधिर होते हे लिहूनही ठेवलं. पण याचा ऑपरेशनला उपयोग होईल हे पुढची जवळपास पंचवीस वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही!

ते आलं १८८४ मध्ये, व्हिएन्नात. सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच) तेव्हा कोकेनच्या मागे लागला होता, पण मनाचा थकवा वगैरेसाठी. तो वाग्दत्त वधूला भेटायला गावाला गेला आणि इकडे त्याचा मित्र कार्ल कोलर, ज्याला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं होतं, त्याच्याशी बोलताना कोणीतरी सहज म्हणालं की याने जीभ काय बधिर होते. कोलरची ट्यूब तिथे पेटली. आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब, मग ससा, कुत्रा, मग स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकून टाचणीच्या डोक्याने बुबुळाला टोचून बघितलं, काही कळलं नाही. त्या सप्टेंबरात हायडेलबर्गच्या परिषदेत पेपर दुसऱ्यानेच वाचला, कारण कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते.

मग कोकेन सुटलंच. अमेरिकेत हॉलस्टेड नावाच्या सर्जनने ते नसेजवळ टोचून अख्खा भाग बधिर करून दाखवला, आणि स्वतःवर प्रयोग करता करता व्यसनात अडकला. १८९८ मध्ये आउगुस्ट बीअरने ते पाठीच्या कण्यात दिलं. तो आणि त्याचा असिस्टंट एकमेकांवर प्रयोग करायला बसले, असिस्टंटच्या नडगीवर हाणून बघितलं तरी त्याला कळेना, दुसऱ्या दिवशी दोघांचीही डोकी भयंकर दुखली. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ती सुई तिथूनच आली, औषध मात्र बदललं.

बदलावंच लागलं, कारण कोकेन विषारी आणि व्यसन लावणारं. आइनहॉर्न नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०४ च्या आसपास प्रोकेन बनवलं, म्हणजे नोव्होकेन. व्यसन नाही, पण असर कमी टिकायचा आणि काहींना ॲलर्जी यायची. हाइनरिश ब्राउनने भुलीच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळायची युक्ती काढली, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवरच राहतं. दाताची सुई मारल्यावर छाती धडधडते ना, ती बरेचदा याचीच.

नंतर परत जीभ. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात बार्लीतल्या एका रसायनाच्या मागे असताना त्याचं भावंड चुकून तयार झालं आणि एर्टमन नावाच्या रसायनतज्ज्ञाने चाखलं तर जीभ बधिर. (आजच्या लॅबमध्ये कोणी असं चाखलं तर नोकरी जाईल.) त्या धाग्यावरून लोफग्रेन आणि लुंडक्विस्टने १९४३ मध्ये लिग्नोकेन गाठलं, लुंडक्विस्टने स्वतःवर टोचून बघितलं, आणि १९४८ ला ते झायलोकेन नावाने बाजारात आलं. आज डेंटिस्टकडे बहुतेक हेच. नंतरचं ब्युपिव्हकेन जास्त वेळ टिकतं, पण चुकून रक्तात गेलं तर हृदयाला जड जातं, हे १९७९ मध्ये जोरात पुढे आलं आणि रोपिव्हकेनसारखी औषधं त्यातून शोधावी लागली.

आता पुवाचं कोडं. नसेतून दुखण्याचा निरोप पुढे जातो तो सोडियम आत घुसल्यामुळे. हे औषध सोडियमचं ते दार आतल्या बाजूने अडवतं, म्हणजे आधी नसेच्या आत शिरायला हवं, आणि शिरतात फक्त त्याचे विजेचा भार नसलेले रेणू. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, आणि पीकेए म्हणजे ज्या पीएचला औषधाचे निम्मे रेणू भाराविना असतात तो आकडा. लिग्नोकेनचा पीकेए ७.९, शरीराचा पीएच ७.४, त्यात साधारण पाव भाग असा मोकळा असतो. पू झालेली जागा आंबट, पीएच समजा ६.४ वर आला तर उरतात फक्त ३ टक्के. बाकीचं सगळं नसेच्या दारात ताटकळत उभं. लिग्नोकेन भित्रं नाही बिचारं, त्याला आतच जाता येत नाही!

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी सुई सुजेपासून लांब, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात मारली, अख्खी नसच गप्प. दाढ निघाली तेव्हा फक्त कुरकुर ऐकू आली. घरी आईने कोमट पेज दिली, ती खालच्या ओठाच्या अर्ध्या बाजूने शर्टावर सांडत होती आणि मला आई ओरडेपर्यंत पत्ताच नव्हता.