ऑइल फिल्टर काय अडवतो, काय सोडतो

‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ स्पेअर पार्टच्या दुकानात पिकअपचा ऑइल फिल्टर मागितला की पहिला प्रश्न हाच येतो. काउंटरवर ठेवलेले दोन्ही डबे उंचीला सारखे, आटे सारखे, रंगही जवळपास तोच. फरक असतो तो आत, आणि डबा कापल्याशिवाय तो दिसत नाही.

आत असतो घड्या घातलेला कागद. डब्याच्या तोंडाशी कडेने जी बारीक छिद्रं दिसतात, त्यांतून ऑइल आत शिरतं, कागदातून झिरपत मध्यभागी येतं आणि मधल्या आट्याच्या भोकातून इंजिनकडे परततं. हा कागद चाळणीसारखा काम करतो असं बहुतेकांना वाटतं. तो तसा नसतो. बाभळीच्या दाट रानातून वारा वाहिला की उडत आलेला कापूस कुठे ना कुठे काट्याला अडकतो. कागदातल्या तंतूंच्या गुंत्यात कण अडकतात ते असेच. म्हणून एकाच आकाराचे काही कण अडकतात, काही सुटतात.

त्यामुळे डब्यावर नुसतं ‘20 मायक्रॉन’ (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, ते विचारायला हवं. प्रयोगशाळेत ऑइलमध्ये ठरावीक प्रकारची धूळ मिसळून ते फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि फिल्टरच्या आधीचे व नंतरचे कण मोजतात. आयएसओ 4548-12 हे मानक याच चाचणीचं. 20 मायक्रॉनचे 100 कण गेले आणि 50 बाहेर पडले, तरी ‘20 मायक्रॉनचा फिल्टर’ म्हणून तो विकता येतो. दुसरा फिल्टर त्याच आकाराच्या 75 कणांपैकी एकच सोडतो, तोही 20 मायक्रॉनचाच!

एवढ्या बारीक कणांची फिकीर कशाला, तर माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगमधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉन. माल भरून घाट चढताना त्याहूनही पातळ. मोठा कण त्या फटीत शिरतच नाही, अगदी बारीक कण निसटून जातो. फटीएवढा असतो तो मात्र दोन्हीकडे घासत जातो. शेतातल्या मुरमाच्या वाटेवरची धूळ बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असते. ती आत येते मुख्यतः हवेबरोबर, त्यामुळे एअर फिल्टर फाटका असेल तर ऑइल फिल्टर कितीही भारी घ्या, तो पुरा पडणार नाही.

मग सगळ्यात बारीक कागदाचा फिल्टर घ्यावा का? इथेच गणित फिरतं. कागद जितका घट्ट, तितका ऑइलला अडथळा जास्त. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे ऑइल आधीच दाट झालेलं असतं. अशा वेळी फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात फरक वाढत गेला आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे, अनेक इंजिनांत एक बारच्या (साधारण वातावरणाच्या दाबाएवढ्या) आसपास, गेला की बायपास व्हॉल्व्ह (स्प्रिंगने मिटून राहणारी आडवाटेची झडप) उघडतो. ऑइल न गाळताच इंजिनात जातं. घाण ऑइल परवडलं, पण कोरडं बेअरिंग नको, असा हा हिशेब. स्प्रिंग कमजोर असेल तर हा व्हॉल्व्ह सारखाच उघडत राहतो. फार कडक असेल तर कागद फाटतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या अंगातच असतो. म्हणून ‘आटे जुळले, लाव’ हे धोरण चुकीचं.

आट्यांचंही ऐका. पाऊण इंच, इंचाला 16 आटे, हे एक माप. 20 मिलिमीटर, दीड मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर), हे दुसरं. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. त्यामुळे 20 मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंचाच्या स्टडवर (इंजिनावरच्या आट्याच्या नळीवर) सैलसर बसतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड नावापुरतीच असते. ऑइलचा दाब आला की तो सुटू शकतो, आणि मग सगळं ऑइल रस्त्यावर. पार्ट नंबर जुळवून घ्यायचा तो यासाठी.

फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर तोंडाशी असलेल्या रबरी पडद्याकडे आवर्जून पाहा. गाडी उभी असताना डब्यातलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरू न देणं हे त्याचं काम. साधं नायट्राइल रबर उष्णतेनं कडक होत जातं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. टर्बोच्या गाडीला हा पडदा जास्त मोलाचा. सकाळी सेल मारल्यावर टर्बोच्या शाफ्टपर्यंत ऑइल लवकर पोचायला हवं.

आता काळ्या ऑइलबद्दल. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं आणि दोष फिल्टरला मिळतो. ती काजळी असते. तिचे मूळ कण मायक्रॉनच्या पन्नासाव्या ते विसाव्या हिश्शाएवढे, गोळे झाले तरी बहुतेक एक मायक्रॉनच्या आतच. फिल्टरच्या कागदाला ते जवळपास दिसतच नाहीत. ती काजळी सुटीसुटी ठेवण्याचं काम ऑइलमधली रसायनं करतात, आणि ती संपत जातात. बीएस-6 गाड्यांत धुराचा फिल्टर जाळून साफ करताना थोडं डिझेलही ऑइलमध्ये उतरू शकतं. महागडा फिल्टर लावला म्हणून ऑइल बदली लांबवणारे हे विसरतात.

बसवताना जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघावं. दोन रिंगा एकावर एक आल्या की गळती ठरलेली. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावून, रिंग टेकल्यावर डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावा. पट्टा पाना काढताना वापरायचा, लावताना नाही.

जुना डबा लगेच भंगारात टाकू नका. गॅरेजमध्ये फिल्टर कटर असेल तर कापून घड्या उलगडून बघा. करवत नको, तिचाच कीस आत पडतो. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा असेल तर पोलादी भाग झिजतोय. न चिकटणारे तांबूस, चमकते कण असतील तर बेअरिंग किंवा बुश बघायला लागेल.