आलेख फाइलमध्ये उतरताना

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आलेख काढायला बसलं की मॅटप्लॉटलिब या लायब्ररीशी, म्हणजे तयार कोडच्या संचाशी, गाठ पडतेच. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहता यावेत म्हणून ही लायब्ररी लिहायला घेतली आणि २००३ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात आकडे भरून रेषा काढणं कुणीही पटकन शिकतं. पडद्यावर सुरेख दिसणारा आलेख छापताना मात्र धूसर होतो, त्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात किंवा मराठी शीर्षकाच्या जागी नुसते चौकोन येतात. आलेख फाइलमध्ये कसा उतरतो हे समजलं की या तिन्ही अडचणी सुटतात.

आधी मापं पाहू. मॅटप्लॉटलिब इंचात विचार करते. काहीच सांगितलं नाही तर आकृती ६.४ × ४.८ इंचांची असते आणि दर इंचाला १०० ठिपके, म्हणजेच १०० डीपीआय. म्हणून चित्र ६४० × ४८० पिक्सेलचं होतं. अक्षरांचं माप पॉइंटमध्ये, आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. डीपीआय ३०० केला की चित्र १९२० × १४४० पिक्सेलचं होतं. अक्षरं, रेषा, मोकळी जागा यांचं एकमेकांशी प्रमाण तसंच राहतं, फक्त सगळं रेखीव होतं. इंच वाढवले तर गोष्ट वेगळी. १२.८ इंच रुंद आकृती मासिकाच्या ३.२ इंची रकान्यात बसवली की ती चौपट आक्रसते आणि १० पॉइंटचं अक्षर अडीच पॉइंटचं होतं. ते कुणाला वाचता येणार? आलेख जिथे छापायचा आहे तिथली रुंदी आधी मोजावी, आकृती तेवढ्याच इंचांची करावी, मग डीपीआय ठरवावा. माझ्या मते निम्मे वाईट आलेख एवढ्यानेच सुधारतील.

चित्र प्रत्यक्ष काढणाऱ्या भागाला बॅकएंड म्हणतात. पीएनजी, म्हणजे पिक्सेलनी बनलेल्या चित्राच्या फाइलसाठी ‘ॲग’ हा बॅकएंड असतो. तिरकी रेषा एखाद्या पिक्सेलचा किती भाग व्यापते ते मोजून तो त्या पिक्सेलला तेवढा गडद रंग देतो, त्यामुळे कडा पायऱ्यांसारख्या दिसत नाहीत. पडदा नसलेल्या सर्व्हरवरही तो बिनतक्रार चालतो. पीडीएफ आणि एसव्हीजी (वेबवर चालणारा रेषाचित्रांचा फाइल-प्रकार) यांचे बॅकएंड पिक्सेल रंगवत नाहीत. इथून तिथवर रेघ, अशी सूचनाच लिहून ठेवतात. कितीही मोठं केलं तरी ते चित्र फाटत नाही. पण लाखभर ठिपके असतील तर लाखभर सूचना होतात आणि फाइल उघडता उघडत नाही. अशा वेळी फक्त ठिपक्यांना ‘रास्टराइझ्ड’ करावं: ठिपक्यांचं एक चित्र होतं, अक्ष आणि अक्षरं मात्र रेखीवच राहतात. जेपीईजी आलेखासाठी वापरूच नये, अक्षरांभोवती डाग पडतात.

आता मराठीचं. लायब्ररीसोबत येणाऱ्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी लावला की अक्षरं येतात, पण मोडकी. ‘शिक्षण’ हा शब्द संगणकात श, पहिली वेलांटी, क, हलन्त, ष, ण या क्रमाने साठवलेला असतो. वेलांटी श च्या आधी नेणं आणि क्ष जोडणं हे लिपीची मांडणी करणाऱ्या इंजिनाचं काम. मॅटप्लॉटलिबच्या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या आवृत्त्या ते करत नाहीत, साठवलेल्या क्रमानेच एकेक आकार ठेवत जातात. त्यामुळे वेलांटी श च्या मागे पडते आणि क पाय मोडून उभा राहतो. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी असे आलेख चालवून घेऊ नयेत, कारण मार्ग आहे.

वेबसाठी एसव्हीजी निवडावं आणि त्याच्या ‘फॉन्टटाइप’ सेटिंगला ‘नन’ हे मूल्य द्यावं. एरवी प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा फाइलमध्ये उतरते. या सेटिंगमुळे मजकूर मजकूरच राहतो आणि त्याची मांडणी ब्राउझर करतो. ब्राउझरला देवनागरी चांगली येते. छपाईसाठी ‘पीजीएफ’ बॅकएंड घेऊन अक्षरांचं काम झी-लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे सोपवावं. तिथे फॉन्टच्या नावासोबत लिपी देवनागरी असल्याचंही लिहावं लागतं. ते राहून गेलं तर वेलांटी पुन्हा चुकीच्या जागी जाते.