‘कर’ आडनावांचा जिल्हा

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले, म्हसळ्याकडच्या आंबेतचे. तरी जुनं नाव काही लगेच पुसलं गेलं नाही. लोकसभेचा मतदारसंघ तर २००८ च्या फेररचनेपर्यंत कुलाबाच होता. (मुंबईतला कुलाबा निराळा.)

मुळात हा जिल्हा एका राज्याचा नव्हता. अलिबागेत आंग्रे, मुरुड-म्हसळ्याकडे जंजिऱ्याचा हबशी सिद्दी, चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज. पोर्तुगीज १७४० ला गेले. आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये वारस नाही म्हणून खालसा केलं आणि १८६९ ला कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला. जंजिरा मात्र १९४८ पर्यंत नवाबाचाच. म्हणजे अलिबागेतून मुरुडला लग्नाला निघालेलं वऱ्हाड तोवर परराज्यात जात होतं!

समुद्राने आणलेली माणसं इथे रुजली ती गावाचं नाव लावून. बेने इस्रायली म्हणजे इथले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात मराठी, आणि नवसाच्या मलिद्यात पोहे, ओलं खोबरं, साखर. तो मलिदा एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाने. त्याच्या रथाच्या चाकाची खूण म्हणून अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याचा एक खडकही दाखवतात. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. अलिबागेतली इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग राहिलं.

रेवदंड्याजवळच्या कोर्लईची गोष्ट उलटी. तिथे पोर्तुगीज राज्यकर्ते गेले, बोली राहिली. गडाखालचे ख्रिस्ती आपल्या बोलीला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. अडीच-तीनशे वर्षांच्या शेजारात भाषासुद्धा सोयरीक करते, त्याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

कोकणी मुसलमानांच्या गावांत आखाती देशांतून येणाऱ्या पैशाने घरं उभी राहिली. कोळ्यांची मासेमारी, आगऱ्यांचं मीठ आणि खारजमिनीतला भात हा जुना संसार. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून लावलेली पोपटी इथली खरी मेजवानी.

या भाताच्या जमिनीवरूनच इतिहास पेटला. १९३३ मध्ये चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची शेती कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील पुढारी होते. शेतं पडीक राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण १९३९ पर्यंत माघार घेतली नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

मग रस्त्याने माणसं आली, तीही मुंबईकडून. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भावावरून पेटलेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाचजण गेले. शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातूनच ‘साडेबारा टक्के’ आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा विकसित भूखंड परत; हा आकडा उरणात पोरासोरांनाही समजतो. १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. या नव्या पाहुण्यांनी गावाचं नाव काही लावलं नाही, सातबाऱ्यावर मात्र नाव चढवलं.

आणि या सगळ्यांच्या आधीपासून डोंगरात असलेले कातकरी? खैराचा काथ पाडायचे म्हणून हे नाव. आडनावं वाघमारे, पवार, मुकणे. जंगल सरकारी झालं तसा काथ गेला. पावसाळ्यात भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब विटा थापायला निघतं. पावसाच्या तोंडावर ते ज्या वाडीत परततं, ती बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या सातबाऱ्यावर असते.